विश्लेषण : सावकाश चालवले, तरी क्वांटम यंत्राचा उष्णतेचा हिशेब का चुकतो?

मे महिन्यात नांदुऱ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मोबाइल चार्जिंगला लावून व्हिडीओ पाहिला की थोड्याच वेळात तो हाताला चटका देऊ लागतो. बॅटरीतली वीज आकडेमोडीच्या कामी येते आणि शेवटी तिची उष्णता होते. मोबाइल असो, राइस मिलची मोटर असो वा रेल्वेचे इंजिन, कामाची किंमत उष्णतेत मोजावी लागतेच. आता देशात क्वांटम संगणक उभे राहत आहेत आणि त्यांच्यावर हजारो कोटी रुपये खर्च होत आहेत. ही यंत्रे अणूच्या पातळीवर चालतात. तिथे हा उष्णतेचा जमाखर्च जुन्या नियमाने लागत नाही, असे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. हा नियम काय होता, तो कुठे तुटतो आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, याचा आढावा.

चर्चा आताच का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी २०२३-२४ ते २०३०-३१ या काळात ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पुण्यातील डीआरडीओची युवा वैज्ञानिक प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळाले. हाताळता येईल एवढ्या आकाराच्या विद्युत मंडलातही क्वांटम परिणाम दिसतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. आजचे अनेक क्वांटम संगणक त्याच पायावर उभे आहेत.

या साऱ्या बातम्यांत किती क्यूबिट, हा आकडा ठळक असतो. प्रत्येक क्यूबिट चालवताना किती ऊर्जा वाया जाते आणि ती दर वेळी सारखीच जाते का, हा प्रश्न मात्र मागे राहतो. 'क्वांटम थर्मोडायनॅमिक्स' ही शाखा नेमका तोच प्रश्न विचारते.

कार्य आणि उष्णता यांत फरक काय?

दोन्ही ऊर्जाच, पण एक शिस्तीत वागणारी आणि दुसरी विस्कळीत. सायकलच्या पंपाचा दांडा आपण दाबतो, ते झाले कार्य. पंपाची नळी गरम होते, ती झाली उष्णता. दांडा जोरात, घाईघाईने दाबला तर नळी अधिक तापते. सावकाश दाबला तर हवा तेवढीच भरली जाते, पण वाया जाणारी ऊर्जा कमी होते.

फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा अभ्यास करून या विचाराचा पाया घातला. यंत्र जितके सावकाश चालवाल तितका अपव्यय कमी आणि अगदी अनंत सावकाश चालवले तर अपव्यय शून्य, हे त्याचे सार. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. धावले तर पाणी सांडते, सावकाश चालले तर घरापर्यंत पोहोचते.

मग 'चढउतार' कुठून आले?

इंजिनात अब्जावधी अब्ज रेणू असतात. एखादा रेणू कमी-जास्त वागला तरी एकूण हिशेबात फरक पडत नाही, म्हणून सरासरीवर भागते. यंत्रच एका अणूचे किंवा एका क्यूबिटचे असेल, तर तसे करून चालत नाही. तीच कृती शंभर वेळा केली तर शंभर वेगवेगळे आकडे येतात. कधी जास्त ऊर्जा वाया जाते, कधी कमी. एखाद्या फेरीत तर भोवतालाकडूनच थोडी ऊर्जा फुकट मिळाल्यासारखी दिसते. या विखुरलेपणाला चढउतार म्हणतात.

सरासरी पुरेशी नसते, हे विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तालुक्यात हंगामाचा पाऊस 'सरासरीइतका' पडल्याची नोंद होते, पण मधल्या तीन आठवड्यांच्या खंडात पीक वाळून गेलेले असते. सरासरीचा आकडा खरा असतो, नुकसानही खरे असते. सूक्ष्म यंत्रांचेही तसेच आहे. सरासरी उष्णता मर्यादेत असली, तरी हजारातली एखादी फेरी नाजूक अवस्था बिघडवू शकते.

जुना नियम काय सांगतो?

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर यार्झिन्स्की यांनी १९९७ मध्ये एक समीकरण मांडले. प्रत्येक फेरीतील कार्याचा आकडा वेगळा असला, तरी त्या साऱ्या आकड्यांची विशिष्ट प्रकारे सरासरी काढली तर उत्तर नेमके ठरलेले येते, असे त्यांनी दाखवले. आरएनएचा एक रेणू ताणून आणि सैल सोडून केलेल्या प्रयोगात २००२ मध्ये हे समीकरण पडताळले गेले.

त्यातूनच सावकाश चालणाऱ्या यंत्रांसाठी एक सोपा नियम मिळतो. वाया जाणारी सरासरी ऊर्जा आणि कार्यातील चढउतार हे एकाच दोरीने बांधलेले असतात. चढउतारांच्या वर्गाची सरासरी, म्हणजे विचरण, काढा. तिला औष्णिक ऊर्जेच्या दुपटीने भागा. जे उत्तर येते तोच सरासरी अपव्यय. 'औष्णिक ऊर्जा' म्हणजे त्या तापमानाला भोवतालचे कण ज्या मापाने थरथरत असतात ते माप. तापमान वाढले की तेही वाढते.

उदाहरण घेऊ. औष्णिक ऊर्जेला एक रुपया मानू. सरासरी अपव्यय ५० पैसे असेल, तर चढउतारांचा पसारा एक रुपया येतो, म्हणजे खर्चाच्या दुप्पट अनिश्चितता. आता वेळ दुप्पट घेतला तर अपव्यय २५ पैशांवर येतो, पण पसारा मात्र निम्मा होत नाही. तो साधारण ७१ पैशांवर थांबतो. म्हणजे सावकाशपणाचा फायदा अपव्ययाला लवकर मिळतो, चढउतारांना उशिरा. तरीही या नियमात एक दिलासा होता. दोन्ही एकत्र कमी होत होते आणि एकाचा आकडा कळला की दुसऱ्याचा काढता येत होता.

'खुली' प्रणाली म्हणजे काय?

पुस्तकातला क्यूबिट एकटा असतो. प्रयोगशाळेतला क्यूबिट एकटा राहूच शकत नाही. तारा, चिपचा पाया, आसपासची किरणे यांच्याशी त्याची ऊर्जेची देवघेव सतत चालू असते. अशा प्रणालीला खुली प्रणाली म्हणतात. उन्हाळ्यात आपण कूलर लावतो तेव्हा खिडकी उघडी ठेवतो, कारण बंद खोलीत तो नीट काम करत नाही. क्यूबिटलाही नको असलेली उष्णता सोडण्यासाठी बाहेरच्या जगाची वाट लागते. अडचण अशी की त्याच वाटेने गोंगाटही आत येतो.

सावकाश चालवलेल्या खुल्या प्रणालीत भोवतालाला तिला पुन्हा समतोलात आणायला पुरेसा वेळ मिळतो. प्रत्येक क्षणी ती समतोलाच्या जवळपास असते. त्यामुळे इथे तरी जुना नियम लागू पडावा, अशी स्वाभाविक अपेक्षा होती.

क्वांटम जगात हा नियम कुठे तुटतो?

हॅरी मिलर, मातेओ स्कान्दी, जॅनेट अँडर्स आणि मार्ती पेरार्नाउ-योबेत यांनी २०१९ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये याचे उत्तर दिले. अगदी सावकाश चालवले तरी क्वांटम प्रणालीत चढउतार त्या नियमाने ठरणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतात. मघाच्या उदाहरणात सांगायचे तर अपव्यय ५० पैसेच, पण पसारा एक रुपयापेक्षा अधिक. हा वरचा भाग शुद्ध क्वांटम स्वरूपाचा आहे आणि तो कधीच उणे होत नाही.

हे कशामुळे होते? क्यूबिटच्या ऊर्जेच्या दोन पायऱ्या असतात. बाहेरून बदल करताना आपण केवळ या दोन पायऱ्यांमधले अंतर कमी-जास्त केले, तर जुना नियम टिकतो. पण बदल करताना पायऱ्यांची 'दिशा'च फिरवली, तर क्यूबिट एका पायरीवर नीट उभा राहत नाही. तो दोन्हींच्या मिश्र अवस्थेत जातो. भौतिकशास्त्रज्ञ या मिश्रणाला 'कोहेरन्स' म्हणतात. भोवताल हे मिश्रण पुसून टाकतो आणि त्या झटापटीत जादा चढउतार निर्माण होतात. या परिणामाला 'क्वांटम घर्षण' असेही म्हटले जाते.

हंडा घेतलेल्या बाईकडे पुन्हा जाऊ. सरळ रस्त्यावर सावकाश चालले तर पाणी स्थिर राहते. पण बोळाच्या वळणावर तितक्याच सावकाश वळले तरी पाण्याला हेलकावा बसतो. उपमेला मर्यादा आहे. पाण्याचा हेलकावा डोळ्यांनी दिसतो, क्वांटम मिश्रण मात्र पाहायला गेले की मोडते. म्हणून या क्षेत्रात 'कार्य' मोजणे हाच एक वादाचा आणि अभ्यासाचा विषय आहे. प्रचलित पद्धतीत सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा ऊर्जा मोजून फरक काढला जातो.

प्रयोगात हे दिसले आहे का?

हो. जर्मनीतील माइन्झ विद्यापीठातील गटाने विद्युत क्षेत्रात अडकवून ठेवलेल्या एका आयनावर हा प्रयोग केला. लेझरच्या साह्याने आयनाच्या ऊर्जापातळ्यांची दिशा फिरवून, वारंवार ऊर्जा मोजून त्यांनी चढउतारांचा हिशेब मांडला. जुन्या नियमापेक्षा वेगळा येणारा क्वांटम भाग त्यांना मोजता आला. हे निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरणातील त्रुटी जमेस धरूनही हा फरक ओळखता येतो, हे या प्रयोगाचे महत्त्व.

माहिती पुसण्याशी याचा काय संबंध?

इथे प्रश्न थेट संगणकाशी येऊन भिडतो. रोल्फ लँडावर यांनी १९६१ मध्ये सांगितले की माहितीचा एक बिट पुसायचा असेल तर किमान ठरावीक उष्णता बाहेर टाकावीच लागते. २७ अंश सेल्सिअसला ही किंमत सुमारे २.८७ गुणिले १० चा उणे २१ वा घात इतके जूल आहे. नांदुऱ्यातील ४५ अंशांच्या दुपारी ती साधारण सहा टक्क्यांनी वाढते. पण या मर्यादेमुळे आपला मोबाइल तापत नाही. आजच्या चिप तिच्या हजारो पट ऊर्जा खर्च करतात.

फ्रान्समधील लिऑन येथे २०१२ मध्ये पाण्यातील काचेचा सूक्ष्म मणी प्रकाशकिरणांच्या सापळ्यात धरून ही मर्यादा प्रत्यक्ष तपासली गेली. पुसण्याची क्रिया जितकी सावकाश, तितकी सरासरी उष्णता लँडावर मर्यादेजवळ येत गेली. सावकाशपणाचा जुना धडा तिथे खरा ठरला.

क्यूबिट पुसताना मात्र एक वेगळाच धोका असतो. मिलर, जाकोमो ग्वार्निएरी, मार्क मिचिसन आणि जॉन गूल्ड यांनी २०२० मध्ये दाखवले की क्रिया सावकाश असली तरी कोहेरन्समुळे काही विरळ फेऱ्यांत अतोनात उष्णता बाहेर पडते. सरासरी पाहिली तर सारे ठीक वाटते. दुष्काळाचे वर्ष दशकाच्या सरासरीत लपते तसे. क्वांटम संगणकात प्रत्येक आकडेमोडीआधी क्यूबिट शून्यावर आणावे लागतात आणि चुका दुरुस्त करण्यासाठी हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. लाखो वेळा होणाऱ्या क्रियेत 'विरळ' घटनाही नेमाने घडू लागते.

उष्णतेचे एवढे भय कशाला?

टीआयएफआरमध्ये वापरले जातात तसे अतिवाहक क्यूबिट शून्य अंश केल्व्हिनच्या जवळ, एका केल्व्हिनच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानाला चालतात. शून्य केल्व्हिन म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. त्या तापमानाला शीतयंत्राची उष्णता ओढून घेण्याची ताकद मायक्रोवॉटमध्ये मोजावी लागते. बाहेर मात्र ते शीतयंत्र चालवण्यासाठी वीज किलोवॉटमध्ये लागते. घरातला साधा कूलर दीड-दोनशे वॅटवर चालतो, हे लक्षात घेतले की आत पडणाऱ्या उष्णतेच्या प्रत्येक कणाची बाहेर किती मोठी किंमत मोजावी लागते, ते कळते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आजच्या यंत्रांत येणारी बहुतेक उष्णता तारांतून आणि नियंत्रणाच्या संकेतांतून येते. क्वांटम चढउतारांचा वाटा त्यापुढे नगण्य आहे. पण अभियांत्रिकी सुधारत गेली आणि क्यूबिटची संख्या वाढत गेली, की शेवटी उरते ती निसर्गाने घातलेली मर्यादा. ती कुठे आहे, हे आधी माहीत असलेले बरे.

महाराष्ट्रात या विषयावर काय काम होते?

पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) टी. एस. महेश आणि बिजय कुमार अगरवाला यांच्या गटांनी कॅनडाच्या द्विरा सेगल यांच्यासह २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयातील एमआरआय ज्या तत्त्वावर चालते, त्या आण्विक चुंबकीय अनुनादाच्या साह्याने त्यांनी दोन क्यूबिट वेगवेगळ्या तापमानाला तयार केले आणि एकमेकांना जोडून त्यांच्यात होणारी उष्णतेची देवघेव व तिचे चढउतार मोजले.

उष्णतेचा प्रवाह जितका नियमित हवा, तितकी अपव्ययाची किंमत जास्त, असा एक नियम सूक्ष्म यंत्रांना लागू असल्याचे मानले जात होते. पुण्यातील प्रयोगात या नियमाचे व्यापक रूप टिकले, पण त्याचे अधिक कडक रूप काही परिस्थितींत मोडले. म्हणजे काही वेळा क्वांटम प्रणाली अपेक्षेपेक्षा कमी किमतीत नियमितपणा देऊ शकते. वर पाहिलेल्या संशोधनात क्वांटम परिणामांनी चढउतार वाढवले, इथे ते नियमाच्या खाली गेले. क्वांटम असणे आपोआप फायद्याचेही नाही आणि तोट्याचेही नाही. यंत्र कसे चालवले जाते, यावर ते ठरते. महेश यांच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये याच तंत्राने 'क्वांटम बॅटरी'चाही अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या गटाने २०१६ मध्ये जिवाणूंनी भरलेल्या द्रवात चालणारे, एका सूक्ष्म मण्याचे उष्णता-इंजिन तयार केले होते. ते क्वांटम नव्हते, पण चढउतारांचा उपयोग करून घेणाऱ्या यंत्रांच्या जगात भारताची ती ठळक नोंद आहे.

नांदुऱ्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

आधी एक गैरसमज दूर करू. बातम्यांत झळकणारी 'अमरावती क्वांटम व्हॅली' ही आपल्या विभागाची अमरावती नव्हे, ती आंध्र प्रदेशाची राजधानी. तिथे आयबीएमचा १५६ क्यूबिटचा संगणक टीसीएसच्या साथीने बसवण्याची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. राष्ट्रीय अभियानाची चार केंद्रे बेंगळूरु, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत आहेत. त्यातले क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. विदर्भाच्या वाट्याला यातले एकही केंद्र आलेले नाही.

पण या विषयाचा एक मोठा भाग यंत्राविना, कागद आणि साध्या संगणकावर करता येतो. वर उल्लेख केलेले २०१९ आणि २०२० चे दोन्ही निष्कर्ष मूलतः गणिताचे आहेत. बारावीनंतर भौतिकशास्त्र घेणाऱ्या किंवा शेगावसारख्या जवळच्या ठिकाणी अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि थोडे प्रोग्रॅमिंग लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) अभियांत्रिकीच्या पदवीत क्वांटम तंत्रज्ञान हा उपविषय घेता यावा म्हणून अभ्यासक्रम जाहीर केला आहे. तो शिकवणारे शिक्षक छोट्या गावांजवळच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचतात का, यावर त्याचा खरा उपयोग अवलंबून राहील. ते झाले नाही तर अभियानाचा पैसा चार-पाच महानगरांत फिरेल आणि बाकीच्यांच्या वाट्याला फक्त बातमी येईल.

वाचकाने कोणता प्रश्न विचारावा?

या संशोधनाने उद्या मोबाइल तापायचा थांबणार नाही आणि वीजबिलही कमी होणार नाही. पण पुढच्या वेळी 'इतक्या क्यूबिटचा संगणक तयार' अशी बातमी आली, तर तीन प्रश्न विचारता येतील. क्यूबिट शून्यावर आणताना किती वेळा चूक होते? शीतयंत्रासह एकूण वीज किती लागते? आणि जाहीर केलेला आकडा सरासरीचा आहे, की सर्वांत वाईट फेरीचाही त्यात विचार आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पावसाची सरासरी गाठली म्हणून पीक वाचत नाही, हे या भागाला अनुभवाने माहीत आहे. क्वांटम यंत्रे बनवणारे तोच धडा आता समीकरणांतून शिकत आहेत.